धुरावरचं पोर्क आणि घरच्यांचे दात

दातांच्या डॉक्टरांना आपल्या हातांचा फार अभिमान होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. जीभ मध्ये मध्ये लुडबुड करत असताना तांदळाच्या दाण्याएवढ्या भोकात ज्या हाताला सिमेंट भरता येतं, त्या हाताला जगात अवघड ते काय? याच विश्वासावर त्यांनी घरातला नळ दुरुस्त केला होता (नंतर प्लंबरला दोनदा यावं लागलं). बायकोचे केस कापले होते (ती महिनाभर डोक्याला स्कार्फ बांधून शाळेत शिकवायला गेली). आणि आता ते पोर्क करणार होते!

साधंसुधं पोर्क नव्हे. पोर्क बेली! डुकराच्या पोटाचा पट्टा, एक थर मांसाचा, एक थर चरबीचा. त्याचे चौकोनी तुकडे करायचे, मसाला चोळायचा, तीन तास धुरावर ठेवायचे, मग लोणी, साखर आणि मधात घोळवून पुन्हा आचेवर. वरून चकचकीत तपकिरी कवच, आतून लोण्यासारखं मऊ! डॉक्टरांनी याचा व्हिडिओ अकरा वेळा पाहिला होता. भूल चढेपर्यंत पेशंटनाही दाखवला होता. पेशंट बिचारे तोंड उघडं ठेवूनच बसलेले असल्यामुळे त्यांना तोंडाला पाणी सुटलंय असंच डॉक्टरांना वाटलं.

या सगळ्याला कारण होते साडू. बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान विमा कंपनीत सर्व्हेअर. कुठे गाडी ठोकली, कुठे गोदाम जळलं, की वही घेऊन जायचं आणि नुकसान किती झालं ते ठरवायचं, हा त्यांचा धंदा. त्यांनी मागच्या रविवारी गच्चीवर कोंबडी भाजली आणि सगळ्यांनी बोटं चाटली. सासूबाईंनी तर चक्क म्हटलं, "छान झालीय हो!"

सासूबाई असं कधी म्हणत नसत. निदान डॉक्टरांना तरी चौदा वर्षांत कधी म्हणाल्या नव्हत्या. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना नवी कवळी करून दिली, रात्रंदिवस घासून पुसून, मोत्यासारखे दात असलेली. सासूबाईंनी ती घातली, आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "बसलीय." बस्स. बसलीय! खुर्चीबद्दल बोलावं तसं.

"कोंबडी काय, कुणीही भाजतं!" परत येताना डॉक्टर गाडीत म्हणाले. "येत्या रविवारी सगळ्यांना आपल्याकडे बोलव. मी पोर्क करतो."

"तुम्ही?"

"मी!"

"अहो, तुम्हाला दूध तापवायला सांगितलं तर तुम्ही घराबाहेर जाता."

पण बायको हसली नाही, कारण तिच्या डोक्यात वेगळीच काळजी होती. सासूबाई आपलं गावातलं घर बंद करून आता दोघींपैकी एका मुलीकडे कायमच्या राहणार होत्या. कुणाकडे, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. "दोन्हीकडे राहून बघते, मग ठरवते," एवढंच म्हणाल्या होत्या. थोरलीकडचे तीन आठवडे संपत आले होते. रविवारी त्या बॅग घेऊन धाकटीकडे येणार होत्या.

"आई माझ्याकडे राहावी असं मला फार वाटतं हो," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली. "लग्न झाल्यापासून सलग आठ दिवस आम्ही दोघी एका घरात राहिलेलो नाही. पहिल्याच दिवशी गोंधळ घालू नका म्हणजे झालं."

"गोंधळ?" डॉक्टर दुखावले. "माझ्या हातची एक तरी कॅप आजवर निघालीय?"

हे वाक्य डॉक्टर जेवताना बोलत, लग्नसमारंभात बोलत, एकदा तर स्मशानात बोलले होते. बायको, मेव्हणी, साडू, सासूबाई, सगळ्यांच्या तोंडात डॉक्टरांचंच काम होतं. नातलग जेवायला बसले की डॉक्टरांना आपलं प्रदर्शन भरल्यासारखं वाटे.

पोर्क मिळालं. धूर द्यायचं यंत्र, म्हणजे स्मोकर, काही मिळेना. पण डॉक्टर अडून बसणारे नव्हते. घराच्या तळमजल्यावरच त्यांचा दवाखाना, आणि दवाखान्याच्या माळ्यावर जुना ऑटोक्लेव्ह पडलेला, म्हणजे हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं स्टीलचं पिंप. आत जाळीचे दोन ट्रे, वर झाकण, झाकणाला तापमानाचा काटा. अजून काय हवं? त्यांनी तो खाली काढला, घासला आणि मागच्या अंगणात दवाखान्याच्या खिडकीजवळ मांडला. तळाशी कोळसे, कोळशांवर सुताराकडून आणलेले सफरचंदाच्या लाकडाचे तुकडे.

"त्यात तुम्ही दात उपटायचे चिमटे ठेवत होतात!" बायको किंचाळली.

"म्हणून तर! जगात याच्याइतकं निर्जंतुक भांडं सापडणार नाही. तुझ्या कढईबद्दल मी बोलतो का कधी?"

रविवारी सकाळी सहा वाजता डॉक्टर मास्क, हातमोजे आणि कपाळावर दिवा अशा थाटात स्वयंपाकघरात उभे राहिले. प्रत्येक तुकडा मोजपट्टीने मोजून चार सेंटिमीटरचा कापला. मध्येच सवयीने हात पुढे करून म्हणाले, "कापूस!" बायकोने त्या हातावर कांदा ठेवला.

आणि काय सांगावं, पहिले तीन तास सगळं अगदी व्हिडिओतल्यासारखं झालं! निळसर धूर संथपणे निघत होता, तुकडे लालसर होत होते, गोडसर वास सुटला होता. शेजारचे काका कुंपणावरून दोनदा विनाकारण डोकावून गेले. डॉक्टर खुर्ची टाकून पिंपासमोर बसले होते, नव्या बाळाच्या पाळण्याजवळ बसावं तसे.

सव्वादहाला फाटक वाजलं. कोपऱ्यावरचा न्हावी गालाला हात लावून उभा! रात्रभर दाढ ठणकत होती. आता रविवार असो की काही असो, जो माणूस दर महिन्याला आपल्या मानेवर वस्तरा चालवतो, त्याला नाही म्हणता येत नाही.

डॉक्टरांनी खिशातून औषधं लिहायचं पॅड काढलं, राहिलेली कृती त्यावर भराभर लिहिली आणि बायकोच्या हातात दिली. "यात सगळं आहे. फक्त याप्रमाणे कर. अर्ध्या तासात आलोच."

बायकोने कागद उलटा धरून पाहिला. मग सुलटा. तिला कुठून तरी एक आकडा लागला, तेवढाच. विचारायला जावं तर दवाखान्यातून मशीनची घरघर सुरू झालेली. शेवटी ती रस्त्यापलीकडच्या केमिस्टकडे धावली. डॉक्टरांचं अक्षर लागणारा जगात तो एकच माणूस होता.

केमिस्टने चष्मा नाकावर ओढला. "लोणी... एक वडी. लोणी? बरं. मध, अर्धी वाटी. साखर... दीड वाटी. तीन वेळा. दर वीस मिनिटांनी."

"दीड वाटी, तीन वेळा?" बायकोने डोळे विस्फारले. "नक्की?"

"वहिनी, पंधरा वर्षं वाचतोय. तीन वेळा म्हणजे तीन वेळा." मग सवयीने पुढे म्हणाला, "आणि बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवू नका हं. कोर्स पूर्ण करा."

खरं तर डॉक्टरांनी लिहिलं होतं की साखर दीड वाटी, आणि झालेला पाक वरून तीन वेळा लावायचा. पण "पाक वरून लावणे" या शब्दांची त्यांच्या हातून अशी काही गाठ झाली होती, की केमिस्टला ती सही वाटली.

इकडे दवाखान्यात न्हाव्याला भूल चढली होती. डॉक्टर दाढ कोरत होते आणि अंगणातला धूर खिडकीतून अलगद आत येत होता. न्हाव्याने हुंगलं. पुन्हा हुंगलं. त्याचे डोळे बशीएवढे झाले.

"डॉत्तल... दलतंय."

"काही जळत नाहीये. तोंड मोठं करा."

"मादं तोंद दलतंय! मांत भादल्याता वात येतोय!"

डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांचं निम्मं लक्ष अंगणात होतं. तेवढ्यात खिडकीबाहेर बायकोची सावली दिसली. त्यांनी मशीन हातात तसंच धरून ओरडून सांगितलं, "अगं, सुरी टोचून बघ! आत मऊ लागलं तर समज, शिजलं! चरबी गळायला लागली असेल आता!"

न्हाव्याला एवढं पुरे झालं. तो खुर्चीतून असा उसळला की दिव्यावर डोकं आपटलं, आणि दार उघडून तो रस्त्याला लागला!

"अहो, थांबा! तोंडात कापूस आहे!" म्हणत डॉक्टर मागे धावले.

रविवारची सकाळ. लोक निवांत पेपर वाचत बसलेले. आणि त्यांच्यासमोरून गळ्यात निळं कागदी लाळेरं बांधलेला न्हावी चाललाय, मागून हातात छोटा आरसा घेऊन डॉक्टर! कुणीतरी "काय झालं हो?" म्हणून विचारलं. न्हावी धावता धावता ओरडला, "मला छिदवलं!"

शेवटी तो स्वतःच्या दुकानात शिरला आणि आतून कडी लावली. डॉक्टरांनी काचेतून हातवारे करून डुक्कर समजावलं. डुकराचं पोट समजावलं. धूर समजावला. वीस मिनिटांनी न्हाव्याने कडी काढली, पण दवाखान्यात परत यायला साफ नकार दिला. मग डॉक्टर पळत जाऊन सामान घेऊन आले आणि न्हाव्याच्याच खुर्चीत न्हाव्याला बसवून दाढ भरली. समोर, बाजूला, मागे सगळीकडे आरसे. न्हावी तिन्ही बाजूंनी लक्ष ठेवून होता.

या सगळ्यात सव्वा तासावर वेळ गेला. डॉक्टर घरी पोचले तर फाटकाशी साडूंची गाडी उभी, सासूबाईंची बॅग उतरलेली, आणि पिंपाजवळ बायको. चेहरा लाल, केस विस्कटलेले, पण डोळ्यांत विजय.

"कोर्स पूर्ण केला!" ती म्हणाली.

कसला कोर्स, हे विचारायला वेळ नव्हता. डॉक्टरांनी झाकण उचललं. काय ते दृश्य! पॉलिश केलेल्या फर्निचरसारखे तकतकीत, गडद तपकिरी तुकडे! चिमट्याने एक उचलला तर मागोमाग पाकाची सोनेरी तार हातभर लांब आली. व्हिडिओतला माणूस लाजला असता!

तुकडे टेबलावर आले. साडूंच्या तोंडून "वा!" निघालं. तेही मनापासून. सासूबाईंनी मान पुढे करून वास घेतला. त्याच क्षणी सगळ्यांनी खाल्लं असतं तर ही गोष्ट इथेच, डॉक्टरांच्या सत्काराने संपली असती. पण डॉक्टर म्हणाले, "एक मिनिट!" आणि बोलायला उभे राहिले.

पोटाच्या मांसात थर किती, धूर आत कुठवर जातो, साखर तापली की तिचं काय होतं, हे सगळं त्यांनी सविस्तर सांगितलं. साडूंच्या कोंबडीबद्दलही दोन शब्द मोठ्या मनाने बोलले. "तीही आपल्या परीने बरी होती." सगळं मिळून बारा मिनिटं. साखर तापली की काय होतं ते डॉक्टरांनी सांगितलं. तापलेली साखर गार झाली की काय होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. ताटातले तुकडे निमूटपणे ऐकत होते आणि गार होत होते.

"आता सगळ्यांनी एकदम! एक, दोन, तीन!"

पाच तोंडांत पाच तुकडे गेले. पाच जबडे मिटले.

आणि शांतता पसरली.

डॉक्टरांनी अर्धवट मिटल्या डोळ्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. साडूंच्या डोळ्यांत पाणी! मेव्हणीने छातीवर हात ठेवला होता. सासूबाई छताकडे एकटक बघत होत्या, देवाचा साक्षात्कार झाल्यासारख्या. कोणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. चौदा वर्षांनी! डॉक्टरांना भरून आलं. "कसं झालंय?" असं नम्रपणे विचारावं म्हणून त्यांनी तोंड उघडायला घेतलं.

ते उघडेना.

"म्म?" डॉक्टर म्हणाले.

"म्म्म!" साडू म्हणाले.

"म्म्म्म म्म!" बायको म्हणाली. चौदा वर्षांच्या संसारामुळे डॉक्टरांना तेवढं बरोबर कळलं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग आवाज आला. *टक्*. साडूंच्या तोंडातून. आईला आपल्या लेकराचं रडणं गर्दीतही ओळखू येतं, तसा डॉक्टरांना तो आवाज ओळखू आला. खालची डावी दाढ, पोर्सेलीनची कॅप, सहा वर्षांपूर्वीची. *टक्*. मेव्हणी. *टक्, टक्*. बायको; दोन्ही बाजूंनी! सासूबाईंनी शहाणपणा केला, तुकडा बोटांनी धरून बाहेर ओढला. तुकडा आला. त्याच्याबरोबर अख्खी कवळी आली. हातात पोर्कचा तुकडा, आणि त्यात घट्ट रुतलेलं मोत्यासारखं हसू!

दहा मिनिटांनी सगळं कुटुंब खाली दवाखान्यात रांगेने बसलं होतं. ज्याच्या त्याच्या मुठीत ज्याची त्याची कॅप. कोमट पाण्याच्या चुळा भरून जबडे मोकळे झाले होते, म्हणजे आता बोलता येत होतं. हे डॉक्टरांच्या दृष्टीने चांगलं नव्हतं.

साडूंनी वही काढली होती. "चार कॅप, आमच्या हिचं एक फिलिंग, आणि एक कवळी अडकलेली. डॉक्टर, हा अपघात लिहू की निष्काळजीपणा?"

"साखर किती घातलीस?" डॉक्टरांनी बायकोला हळूच विचारलं.

"साडेचार वाट्या! तुम्हीच लिहिलं होतंत!" तिने कागद समोर धरला.

डॉक्टरांनी कागद वाचायचा प्रयत्न केला. त्यांनाही तो लागला नाही.

"पण काय हो," मेव्हणीने खुर्चीत आडवं होता होता विचारलं, "तुम्हीही खाल्लंत ना? तुमचं काहीच कसं निघालं नाही?"

डॉक्टरांनी जिभेने चाचपलं. वरच्या उजव्या बाजूला त्यांनाही एक कॅप होती. दाबून पाहिली. बोटाने ओढून पाहिली. मनातल्या मनात तिला निघ म्हणून विनवलंसुद्धा. ती जागची हलली नाही.

"कुठून निघणार?" बायको म्हणाली. "ती यांनी नाही बसवलेली. यांच्या वर्गमित्राने बसवलीय. तोच तो, ज्याला सिमेंट कालवता येत नाही म्हणून हे सगळीकडे सांगतात!"

साडूंनी तेही वहीत लिहून घेतलं.

सगळ्या कॅप पुन्हा बसवायला तीन वाजले. सिमेंट पक्कं होईपर्यंत दोन तास कुणी काही खायचं नव्हतं. घरात दुसरं काही नव्हतंच, कारण "माझ्या पोर्कबरोबर दुसरं काही करायचं नाही" असं डॉक्टरांनीच बजावलं होतं. उपाशी पोटी सगळे वर आले तर स्वयंपाकघरातून चक्, चक् असा आवाज येत होता.

सासूबाई टेबलाशी एकट्याच बसल्या होत्या. त्यांची कवळी खाली कोमट पाण्यात भिजत पडली होती. समोर ताट. त्या एक तुकडा गालात धरून चोखत होत्या, खडीसाखर चोखावी तशा. पाक हळूहळू विरघळत होता, मग आतली मऊसूत चरबी, मग धुराच्या वासाचं मांस. तेही हिरड्यांनी सहज दाबलं जात होतं. ताटातले नऊ तुकडे कमी झाले होते.

डॉक्टर दारातच थांबले.

"फार छान झालंय," सासूबाई म्हणाल्या. बोळक्या तोंडाने, पण स्वच्छ.

"काय म्हणालात?" डॉक्टरांचा कानावर विश्वास बसेना.

"फार छान. मी आजवर असं काही खाल्लं नव्हतं." त्यांनी दहावा तुकडा गालात सरकवला आणि धाकट्या मुलीकडे वळल्या. "माझी बॅग कुठल्या खोलीत ठेवलीस?"

"मागच्या... पण आई, तू... म्हणजे किती दिवस?"

"दिवस कसले मोजतेस? तुझ्या ताईकडे सगळं वेळच्या वेळी आणि नीटनेटकं. तीन आठवड्यांत मला एकदाही हसू आलं नाही. आज मी मघापासून पोट धरून हसतेय, फक्त दात नसल्यामुळे तुम्हाला कळलं नाही."

बायकोने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती रडत होती की हसत होती ते सांगता येणार नाही, कारण तिला जबडा फार हलवायला मनाई होती. डॉक्टरांनीही गुपचूप डोळे पुसले, आणि या भावनेच्या भरात खाली जाऊन धुऊन पुसून चकचकीत केलेली कवळी घेऊन आले.

"घ्या आई. घाला."

सासूबाईंनी कवळीकडे पाहिलं. ताटाकडे पाहिलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "ही घातली तर खाऊ कशी?"

तेव्हापासून सासूबाई डॉक्टरांकडेच आहेत. रोज सकाळी बागेत फिरायला जातात, तिथे त्यांच्या पुष्कळ मैत्रिणी झाल्या आहेत. तिसऱ्या आठवड्यात, एका सोमवारी, डॉक्टर दवाखान्यात उतरले तर बाकावर चार म्हाताऱ्या बसलेल्या! डॉक्टरांनी सराईत नजरेने पाहिलं. चौघींच्या तोंडात मिळून एकही दात नव्हता. चार अख्ख्या कवळ्या, एकाच सकाळी! आईंनी बागेत आपलं नाव केलं म्हणायचं! त्यांनी कॉलर सारखी केली, हात धुतले, मापं घ्यायचे साचे टेबलावर मांडले आणि अत्यंत प्रेमाने सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईंना म्हणाले, "या, बसा. अजिबात घाबरू नका. असे दात करून देतो की पुन्हा कधी विचार करावा लागणार नाही."

"दात?" म्हातारी घाबरून मागे सरकली. "दात नकोत रे बाबा! दातांनी ते खाता येत नाही म्हणे." आणि तिने पदराखालून रिकामा डबा काढून खुर्चीवर ठेवला.